उर्दू शाळेतले रिकामे पद, उर्दूतून डी.एल.एड. आणि शिक्षकांचे प्रशिक्षण

प्रश्न एका शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा आहे. जिल्हा परिषदेची उर्दू प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी, हजेरीपटावर ९४ मुले. पूर्वी चार शिक्षक मंजूर होते, आता तीन, आणि त्यांतलेही एक पद दोन वर्षे रिकामे. शासनाचे उर्दूसाठी नक्की धोरण काय? गावातल्या बारावी झालेल्या मुलीने उर्दूतून डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करावे का? शिक्षकांना उर्दूतून प्रशिक्षण मिळावे म्हणून काय मागायचे?

तिन्ही प्रश्नांच्या आधी एक गाठ सोडवून घ्या. सरकारी कागदांत ‘उर्दू’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतो आणि अर्जात त्यांची सरमिसळ झाली की फाइल शेरा मारून परत येते. पहिला अर्थ उर्दू माध्यम, म्हणजे गणितापासून परिसर अभ्यासापर्यंत सगळे उर्दूतून. दुसरा उर्दू विषय, म्हणजे दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत उर्दू ही एक भाषा. तिसरी गोष्ट धोरणाच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही, ती म्हणजे उर्दू शाळेत शिकवली जाणारी मराठी. केंद्राच्या भाषा-शिक्षक योजनेतला ‘वस्तीत २५ टक्क्यांहून जास्त उर्दूभाषक’ हा निकष लोक हमखास पुढे करतात. तो उर्दू भाषा शिकवणाऱ्या शिक्षकासाठी आहे. तुमचे गेलेले चौथे पद माध्यमाचे आहे आणि ते संचमान्यतेतून, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकपदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेतून येते. तिथे २५ टक्के लिहून काही हाती लागत नाही.

कायद्याचा पाया भक्कम आहे, त्यावर जास्त वेळ घालवायला नको. ऑगस्ट १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले वेगळ्या मातृभाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आला आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, हेच म्हणते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख होते. बालभारती उर्दूतून पुस्तके काढते, मुंबई महापालिकेच्या शाळांत उर्दू माध्यम आहे, मालेगाव-भिवंडीपासून अकोला-नांदेडपर्यंत शाळांचे जाळे आहे. धोरण नाही, ही तक्रार त्यामुळे टिकत नाही. अडते ते मोजणीत.

आता तुमचे ९४. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असे कोष्टक आहे. मग ९४ ला चार का नाहीत? कारण राज्यात संचमान्यता हजेरीपटावर होत नाही. ३० सप्टेंबरच्या पटावरची, ऑनलाइन नोंदलेली आणि आधार वैध ठरलेली मुले धरली जातात. चार मुलांचे आधार जुळले नाही की ९४ चे ९० होतात आणि चौथे पद जाते. त्यातही पेच असा की १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष सुधारले. असलेले पद टिकवायला लागणारा पट आणि नवे पद मिळवायला लागणारा पट त्यात सारखा नाही. गेलेले पद परत आणायला जास्त मुले दाखवावी लागतात. तेव्हा आधी शाळेची शेवटच्या तीन वर्षांची संचमान्यता मुख्याध्यापकांकडून मागून घ्या आणि कोणत्या वर्षी किती मुले ‘अवैध’ ठरली ते पाहा.

उर्दू शाळांत आधार न जुळण्याचे प्रमाण वाढते, त्यामागे नावांची लिपी आहे. दाखल-खारीज रजिस्टरात नाव एका लिपीत, आधारवर इंग्रजी आणि मराठीत, जन्मदाखल्यावर ग्रामसेवकाने ऐकले तसे. ‘शेख’चे इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेने होते. ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे दोन-तीन अक्षरांत आखडलेले. मुलींच्या नावापुढचे ‘बी’ किंवा ‘बानो’ एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. वडिलांचे नाव मधे की शेवटी, आडनाव आहे की नाही, यावर प्रणाली अडते. जुळवणी नाव, लिंग आणि जन्मतारीख यांवर होते आणि त्यांतले काही एक हुकले तरी मूल मोजणीतून बाहेर पडते. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. जूनमध्ये प्रवेश देतानाच आधारची प्रत समोर ठेवून, त्यावरचे स्पेलिंग अक्षरशः उतरवून ऑनलाइन नोंद करायची. आधारच चुकले असेल तर दुरुस्तीसाठी पालकांना जुलैत पाठवायचे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रावर रांग असते आणि दुरुस्ती होऊन यायला दिवस जातात. रजिस्टरातले नाव मात्र मुख्याध्यापकांनी परस्पर खोडून बदलू नये. पुढे शाळा सोडल्याचा दाखला आणि जातपडताळणी यांत तो खाडाखोडीचा शेरा मुलाला नडतो. रजिस्टरातल्या दुरुस्तीला ठरलेली कार्यपद्धती आहे, तिनेच जावे.

दुसरा भाग रिकाम्या पदाचा. कलम २६ प्रमाणे शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत. तीन पदांच्या शाळेत एक रिकामे म्हणजे ३३ टक्के, तेव्हा कायदा सरळसरळ तुमच्या बाजूने आहे. तरीही पद भरत नाही, याचे सर्वात मोठे आणि सर्वात कमी बोलले जाणारे कारण बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची हे ठरवणारी यादी; तिच्यातला एकेक क्रमांक म्हणजे बिंदू. शिक्षक भरतीच्या जाहिरातीत पदे माध्यमनिहाय आणि प्रवर्गनिहाय येतात. उर्दू माध्यमाची जागा अनुसूचित जातीच्या बिंदूवर आली की उर्दूतून शिकलेला उमेदवार मिळणे जवळजवळ अशक्य होते. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार मुस्लिमांना त्या प्रवर्गात स्थान नाही आणि त्या प्रवर्गातली मुले उर्दू शाळेत क्वचितच शिकतात. अनुसूचित जमातीत जळगावच्या यावल-रावेर भागातले तडवी भिल्ल आहेत, पण त्या एका समाजातून राज्यभरचे उर्दू बिंदू कसे भरणार? त्यावर समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत माजी सैनिकांसारख्या गटांना राखून ठेवलेल्या जागा. माजी सैनिकांच्या जागेला उर्दू माध्यमाचा पदविकाधारक शोधून दाखवा! समांतर आरक्षणाची न भरलेली जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला देता येते. सामाजिक आरक्षणाची जागा मात्र पुढे ओढली जाते आणि शाळा वाट पाहत बसते.

आरक्षण काढून टाका अशी मागणी करू नका. ती टिकणार नाही आणि करणेही बरोबर नाही. मागायचे ते वेगळे. एक, तुमच्या शाळेतले रिकामे पद कोणत्या बिंदूवर आहे आणि जिल्ह्यातल्या उर्दू माध्यमाच्या किती जागा त्याच कारणाने पडून आहेत, ही माहिती शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे लेखी मागा. दोन, तालुक्यात वा जिल्ह्यात उर्दू माध्यमाचा अतिरिक्त ठरलेला शिक्षक आहे का ते विचारा. समायोजन, म्हणजे अशा शिक्षकाला दुसऱ्या शाळेत देणे, माध्यम पाहून होते, म्हणून उर्दूचा अतिरिक्त शिक्षक उर्दू शाळेतच जाऊ शकतो, आणि ही यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर असते. तीन, भरती होईपर्यंत मानधनावर निवृत्त शिक्षकाची सोय मागा, पण अर्जात ‘उर्दू माध्यमातून अध्यापन केलेला’ हे शब्द घाला. ते नसले की बहुधा मराठी माध्यमाचे निवृत्त गुरुजी येतात. माणूस चांगला असतो, पण पहिलीच्या वर्गात फळ्यावर काय लिहायचे हे त्यांना कळत नाही आणि मुलांचे वर्ष जाते.

हे सगळे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करा, नुसत्या अध्यक्षांच्या सहीच्या पत्राने नाही. कायद्याने शाळा विकास आराखडा करणे हे समितीचेच काम आहे. पदाची मागणी त्या आराखड्यात गेली की ती नोंद होते. ठरावात तीनच आकडे ठेवा: पट, आधार वैध मुले, रिक्त पद आणि ते कधीपासून रिक्त. भाषेच्या वैभवावर परिच्छेद लिहू नका. तो वाचला जात नाही आणि आकडा त्याखाली दबतो.

मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. करावे, पण डोळे उघडे ठेवून. डी.एल.एड. दोन वर्षांचे, प्रवेशाला बारावीत खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४४.५ टक्के लागतात. प्रवेशाच्या अर्जात माध्यम उर्दू निवडणे हा सर्वात महत्त्वाचा रकाना, कारण पुढे भरतीत शिक्षणाचे माध्यम विचारले जाते. दहावी उर्दूतून, बारावी विज्ञान इंग्रजीतून आणि पदविका मराठीतून अशी खिचडी झालेल्या मुली उर्दूच्या पदाला अडकतात. बी.एड. करून प्राथमिकला जाऊ, हा मार्ग आता बंद आहे. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. पात्रता धरता येणार नाही असे सांगितले. ज्या उर्दू कुटुंबांत ‘बी.एड. केले की दोन्हीकडे चालते’ असे अजून म्हणतात, त्यांना हे आधी समजावून सांगा. घरापासून लांब जाता येत नसेल तर हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे छत्रपती संभाजीनगरला अध्यापक महाविद्यालय आहे. तिथला अभ्यासक्रम कोणत्या इयत्तांसाठी पात्र करतो हे प्रवेशाआधी पाहावे.

पदविकेनंतर दोन परीक्षा. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, १५० गुणांची: बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, गणित ३०, परिसर अभ्यास ३०. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. पहिली भाषा उर्दू घेतल्यावर दुसरी मराठी की इंग्रजी हा प्रश्न येतो आणि बहुतेक मुली ‘व्याकरण सोपे’ म्हणून इंग्रजी घेतात. नोकरीत मराठी शिकवावीच लागणार आहे, तर तयारी एकदाच होऊ दे, मराठी घ्यावी. दुसरी टेट, अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० प्रश्न १२० मिनिटांत. तिच्या गुणांवर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होते. टीईटी आता आयुष्यभर ग्राह्य आहे. टेट मात्र २०१७, २०२३ आणि २०२५ अशी लांब अंतराने झाली, म्हणून तिची संधी हुकवू नये.

उर्दूतून अभ्यास करणाऱ्यांची एक खास अडचण पुस्तकांत आहे. एकाच संज्ञेला दोन शब्द. मूल्यमापनाला एका पुस्तकात कद्रपैमाई, दुसऱ्यात तअय्युन-ए-कद्र. विद्यार्थिनी एक शब्द पाठ करते, प्रश्नपत्रिकेत दुसरा येतो. यावर साधा इलाज म्हणजे बालमानसशास्त्राच्या दीड-दोनशे संज्ञांची वही, तीन रकाने: उर्दू (दोन्ही रूपे), मराठी, इंग्रजी. ही वही तिला परीक्षेनंतर प्रत्येक प्रशिक्षणातही लागेल.

तुमच्या शाळेतल्या सध्याच्या शिक्षकांनाही टीईटीचा विषय लागू आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. पाचांहून कमी वर्षे राहिलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू करायचे का, तो मुद्दा मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही अल्पसंख्याक संस्था नव्हे, ती सरकारी शाळा आहे. हा गैरसमज फार पसरला आहे आणि त्यावर विसंबून तुमचे शिक्षक थांबले तर नुकसान त्यांचेच.

राहिले प्रशिक्षण, आणि खरे सांगायचे तर धोरणाचा कस इथे लागतो. सेवांतर्गत प्रशिक्षण साधारणपणे मराठीतून होते. उर्दूचे शिक्षक मागच्या बाकांवर बसतात, चहाच्या सुट्टीत एकमेकांना समजावून सांगतात. मराठी त्यांना येत नाही अशातला भाग नाही. पहिलीच्या वाचनावरचे सत्र देवनागरीच्या मुळाक्षरांवर चालते आणि त्यातले त्यांच्या फळ्यावर काहीच लागू पडत नाही, हे दुखणे आहे. म्हणून ‘आम्हाला उर्दूतून प्रशिक्षण द्या’ एवढीच मागणी केली तर तेच मराठी सत्र भाषांतर होऊन येईल आणि प्रश्न जागेवरच राहील. मागणी आशयाची करा. केंद्रप्रमुखांमार्फत (केंद्र म्हणजे जवळच्या शाळांचा गट) जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला पत्र द्या, उर्दू शाळांचे केंद्र असेल तर त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय ठेवा. जामिया मिलिया, अलीगढ आणि मौलाना आझाद विद्यापीठ या तीन ठिकाणी उर्दू माध्यमाच्या शिक्षकांसाठी केंद्र सरकारने अकादमी काढल्या आहेत. तिथला तज्ज्ञ बोलवा, असे त्याच पत्रात सुचवता येते.

आशय म्हणजे काय, ते बारकाईने सांगतो, कारण पत्रात हेच लिहायचे आहे.

उर्दूचे अक्षर शब्दात जागा बदलले की रूप बदलते: सुरुवातीला, मधे, शेवटी, सुटे. त्यात नऊ अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत: अलिफ, दाल-डाल-झाल, रे आणि तिच्या बहिणी, वाव. तक्त्यावरून सुटी अक्षरे महिनाभर घोकून घेतली की मूल तक्ता म्हणते आणि शब्द वाचत नाही. बे, पे, ते, टे, से यांचा होडीसारखा आकार एकच, फरक नुक्त्यांचा (टिंबांचा) आणि टेच्या डोक्यावरच्या छोट्या तोय अक्षराचा: बेला खाली एक नुक्ता, पेला खाली तीन, तेला वर दोन, सेला वर तीन. हा गट एकत्र, आणि लगेच दोन-तीन अक्षरी शब्दांत जोडून शिकवावा. दुसरी चूक एराबची. झबर, झेर, पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हे मोठ्यांच्या मजकुरात नसतात, म्हणून शिक्षक ती पहिलीतच सोडतात. पण चिन्हाशिवाय ‘इस’ आणि ‘उस’ उर्दूत अगदी सारखे लिहिले जातात. ओळखीच्या वाक्यात मोठा माणूस अंदाज बांधतो, सहा वर्षांच्या मुलाजवळ तो अंदाज नसतो. चिन्हे एकदम न काढता ओळखीच्या शब्दांवरून आधी काढावीत, नव्या शब्दांवर ठेवावीत. तिसरे, एका उच्चाराची अनेक अक्षरे. स-साठी से, सीन, स्वाद; मराठी ‘झाड’मधल्या झ-च्या जवळच्या उच्चारासाठी झाल, झे, झ्वाद, झोय. पहिली-दुसरीत यावरून इमल्याचे (शुद्धलेखनाचे) गुण कापले की मूल लिहायचेच बंद होते.

घरची भाषा हा आणखी एक कळीचा मुद्दा. मराठवाड्यात-विदर्भात मूल घरी दखनी वळणाचे ‘मेरेको नक्को’ म्हणते. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम घरात तर मराठीला अगदी जवळची कोकणी बोली असते, तिथे किताबी उर्दू हीच परकी भाषा. ‘मातृभाषेतून शिक्षण’ असे फायलीत लिहून भागत नाही. पहिले तीन महिने बोलीतून पुस्तकी भाषेत कसे आणायचे, याचे सत्र स्वतंत्र हवे.

गणितात मजकूर उजवीकडून डावीकडे आणि उदाहरण डावीकडून उजवीकडे चालते. शाब्दिक उदाहरणात मुलाची नजर एका ओळीत दोनदा वळते आणि वजाबाकीत आधीची संख्या कोणती यावर गोंधळ होतो. मांडणी वेगळ्या ओळीवर घेण्याची सवय पहिलीपासून लावली तर हे टळते. त्यातून संज्ञा अरबी वळणाच्या: मुसल्लस म्हणजे त्रिकोण, मुस्ततील म्हणजे आयत, आशारिया म्हणजे दशांश. मुरब्बा म्हणजे चौरस, हे ऐकून वर्ग हसणारच, हसू द्यावे. पुढे सेमी-इंग्रजी घेणाऱ्या शाळेत तिसरीपासूनच प्रत्येक संज्ञेसोबत इंग्रजी शब्द फळ्यावर हवा.

शेवटी मराठी. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्यभर एवढा गदारोळ झाला आणि जूनअखेर त्याबाबतचे शासन निर्णय मागे घ्यावे लागले. त्या चर्चेत क्वचितच कोणाच्या लक्षात आले की उर्दू शाळेतले मूल पहिलीपासून तीन भाषा आणि तीन लिप्या आधीपासूनच शिकते. मराठी सक्तीचा कायदा २०२० चा आहे, पण उर्दू शाळेत ती शिकवणारा शिक्षक बहुधा तोच, उर्दूतून पदविका केलेला, ज्याला मराठी दुसरी भाषा म्हणून कशी शिकवायची हे कोणी शिकवलेले नसते. मग तो मराठी शाळेच्या पद्धतीने अ-आ-इ-ई सुरू करतो. उजवीकडून वाचायची सवय असलेल्या मुलाला देवनागरी डावीकडून वाचताना ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारायची असते, तिथे ते अडखळते. ळ उर्दूत नाही म्हणून शाळाची ‘शाला’ होते, ण-चा न होतो. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन, म्हणून ‘ती पुस्तक’ येते. या चुका ठरलेल्या आहेत. प्रशिक्षणात त्यांची यादी आणि प्रत्येकीवर दोन-दोन तोंडी खेळ दिले तर एका दिवसाच्या सत्रात बरेच काम होते. सुरुवात मुळाक्षरांनी न करता मुलाला आधीच येत असलेल्या शब्दांनी करावी: कागद, शाई, दौत, खुर्ची, हजेरी, दुकान, मैदान, तारीख, हिशेब, जमीन. फारसीतून दोन्ही भाषांत आलेले असे पन्नास शब्द चित्रांसकट देवनागरीत लिहून भिंतीवर लावले, तर दिवाळीच्या सुट्टीआधी निम्मी लिपी ओळखीची होते. क्रियापदे आणि लिंगे सुट्टीनंतर घ्यावीत, आणि ळ-ण साठी रोज पाच मिनिटे, बाळ, फळ, माळ, पाणी, लोणी असे मोठ्याने म्हणून घेत.